वरच्या गॅलरीतली तिकिटं

प्रश्न: सप्रेम नमस्कार. माझं वय 64, राहते पुण्यात. मुलगा जर्मनीत असतो, सून तिथलीच. पोरगी गुणी आहे, मला ‘आई’च म्हणते. यंदा मे-जूनमध्ये त्यांच्याकडे होते, तेव्हा माझ्या वाढदिवसाला तिने बॅलेची तिकिटं काढली. नाव ‘ला बायादेर’, गोष्ट म्हणे भारतातल्या देवळात नाचणाऱ्या मुलीची. लग्नाआधी मी कथक शिकत होते, मध्यमा पूर्णच्या परीक्षेपर्यंत. म्हणून मला आवडेल असं तिला वाटलं. मीही नारायणपेठ नेसून हौसेने गेले.

हिरमोड जिन्यापासूनच सुरू झाला. तिकिटं पार वरच्या गॅलरीतली, नटांचे चेहरेसुद्धा दिसेनात. पडदा उघडला तर देऊळ आपलं की इजिप्तचं, काही कळेना. देवदासींची पोटं उघडी, अंगाला काळं फासलेले साधू माकडासारख्या उड्या मारताहेत, एक ब्राह्मण नाचणारीच्या मागे लागलाय, आणि सोनेरी रंग फासलेला एक देव गिरक्या घेतोय. तबला नाही, घुंगरू नाही. मध्यंतरात सुनेने विचारलं, कसं वाटतंय? मी हसत म्हटलं, “आमच्याकडे शाळेच्या गॅदरिंगला याहून बरं करतात.” मुलाने ते तिला जर्मनमध्ये सांगितलं. ती गप्प झाली.

शेवटच्या अंकात पांढऱ्या कपड्यांतल्या मुली एकीमागून एक येतच राहिल्या, येतच राहिल्या, आणि मला झोप लागली. मधे एकदा डोळा उघडला तर अंधारात सुनेचे पाय खुर्चीखाली हलत होते. (ती लहानपणी दहा वर्षं बॅले शिकली होती, पुढे गुडघा गेला म्हणून सोडलं.) पूर्ण जाग आली तेव्हा टाळ्या चालल्या होत्या आणि ती डोळे पुसत होती. घरी येईपर्यंत ट्रॅममध्ये कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मी “सुंदर होतं हो” म्हटलं, ती नुसती हसली. तेव्हापासून तिचे मेसेज अगदी दोन शब्दांचे येतात.

मुलगा म्हणतो, आई, तू तिथल्या तिथे खोटं छान म्हणायला हवं होतंस. माझं चुकलं का? डिसेंबरात दोघं येताहेत आणि मी तिला कथक दाखवायला न्यायचं ठरवलंय. ती उट्टं काढेल का?

– एक नाराज सासू

उत्तर: ताई, आधी तुमच्या चिरंजीवांचा कान धरायला हवा. आईने मारलेला शेरा जसाच्या तसा जर्मनमध्ये नेऊन पोचवायचा, ही कसली दुभाषेगिरी? ‘आईचे पाय दुखताहेत’ एवढं सांगून भागलं असतं. आणि आता तोच तुम्हाला खोटं बोलायचे धडे देतोय.

न आवडण्यात तुमचं काहीही चुकलेलं नाही. मी नृत्यातली जाणकार नाही, साधी प्रेक्षक आहे, आणि माझा पहिला बॅले तुमच्याहून वाईट गेला होता. वीसेक वर्षांपूर्वी मुंबईत एका फिरत्या कंपनीचा ‘स्वान लेक’ पाहायला गेले. वाद्यवृंद नव्हताच, सीडी लावली होती. मोठ्या रंगमंचांवर या खेळात चोवीस-चोवीस, कधी त्याहून जास्त हंस असतात. मी मोजले, बारा. तळ्याकाठच्या ऐन प्रसंगात सीडी अडकली आणि ते बारा हंस एका पायावर तसेच तोल सांभाळत उभे राहिले. विंगेतून कुणीतरी धावत गेल्याचा आवाज आला. मागच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, “पेट्रोल संपलं वाटतं.” त्यानंतर कितीतरी वर्षं बॅले म्हटलं की मला ते पेट्रोलच आठवायचं.

तुमची गत वेगळी. तुमचा खेळ बहुधा नीटच झाला असणार. तुम्हाला जे बोचलं ते त्या खेळात मुळापासूनच आहे, आणि ते तुम्हाला दिसलं याचं मला कौतुक वाटतं.

‘ला बायादेर’ रचला मारियुस पेतिपा यांनी. जन्म मार्सेलचा, 1847 पासून मुक्काम सेंट पीटर्सबर्गला. संगीत लुडविग मिंकुस यांचं, ते व्हिएन्नाचे. पहिला प्रयोग सेंट पीटर्सबर्गला, 1877च्या फेब्रुवारीत. म्हणजे फ्रेंच माणसाने व्हिएन्नाच्या चालींवर रशियन झारच्या प्रेक्षकांसाठी उभा केलेला हा हिंदुस्थान. त्यातली नावंच बघा. नायक सोलोर, राजकन्या गमझत्ती. कुठल्या पंचांगात सापडतील? राजाचं नाव दुग्मंता, हे मात्र ओळखीचं वाटतं ना? तो आपला दुष्यंत, वाटेत मोडतोड होऊन आलेला. राजकन्येच्या दासीचं नाव तर ‘आया’! आपण घरी बाळाला सांभाळायला ठेवतो ती आया, तिचंच विशेषनाम करून टाकलंय.

‘आया’ हा शब्द आपल्याला पोर्तुगिजांकडून मिळाला. पाव, बटाटा, चावी, पगार ज्या गलबतांतून उतरले त्यांतूनच. आणि गंमत म्हणजे ‘बायादेर’ हा शब्द त्याच गलबतांतून उलट दिशेने गेला. पोर्तुगीज भाषेत नाचणारीला ‘बायलादेरा’ म्हणतात. गोव्यातल्या देवळांत गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांना पोर्तुगीज त्याच नावाने ओळखत. फ्रेंचांनी तो शब्द उचलला, त्याचा ‘बायादेर’ केला आणि त्याच्याभोवती हवं ते स्वप्न रंगवलं. ज्या कलावंतिणींच्या घरांतून पुढे केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर आल्या, त्यांचं नाव पॅरिसच्या रंगमंचावर असं पोचलं. गाणं मात्र गोव्यातच राहिलं.

1838 साली दक्षिणेतल्या देवदासींचा एक खराखुरा ताफा पॅरिसला गेला होता, सोबत त्यांचे वादक. त्यातल्या अमानी नावाच्या नर्तकीवर तेओफिल गोतिए हा कवी-समीक्षक लुब्ध झाला, भरभरून लिहिलं त्याने. एका शिल्पकाराने तिची छोटी ब्राँझची मूर्तीही केली. पण सगळ्यांनाच त्या बायका रुचल्या नाहीत. कारण आठ वर्षांपूर्वी त्याच शहराने मारी ताल्योनी या बॅले-नर्तकीला दुसऱ्याच एका खेळात बायादेरच्या भूमिकेत पाहिलं होतं, पांढऱ्या तलम झग्यात, जमिनीला जेमतेम पाय लावणारी. तिच्यापुढे सावळ्या, अनवाणी, जमिनीवर पाय आपटणाऱ्या आणि घुंगरं वाजवणाऱ्या बायका आल्यावर काही लोकांना अस्सल बायादेरच नकली वाटल्या. तेही तुमच्यासारखेच तिकीट काढून, नटूनथटून गेले असतील, आणि असंच तोंड करून परतले असतील. हे पॅरिसकर गॅदरिंगबद्दल काय म्हणाले असते कोण जाणे.

याच गोतिएने पुढे 1858 मध्ये कालिदासाच्या शकुंतलेवर बॅलेची संहिता लिहिली. तो बसवला लुसियाँ पेतिपाने, म्हणजे मारियुसच्या थोरल्या भावाने. तिथून एकोणीस वर्षांनी ‘बायादेर’. आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, 31 ऑक्टोबर 1880ला, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणलं. 1905 साली मिरजेला बालगंधर्व त्यात शकुंतला झाले. अरण्यात वल्कलं नेसून वाढलेली कण्वाची मुलगी आमच्याकडे एका देखण्या पुरुषाच्या रूपाने, भारी साडी नेसून आणि डोक्यात फुलं माळून उभी राहिली, आणि तिला कुणी विचारलं नाही की बाई, आश्रमात हा शालू कुठून आणलास? नाटक लांबच्या गोष्टीला आपल्याच कपाटातले कपडे घालतं.

पण इतकं म्हणून मी पेतिपांना सोडून देत नाही. आपण आपल्याच शकुंतलेला शालू नेसवला. त्यांनी न पाहिलेल्या माणसांना काळं फासून चार पायांवर नाचवलं, आणि दीडशे वर्षं ते तसंच चालू राहिलं. यावर तिकडेही गप्प बसलेले नाहीत लोक. याच खेळात काळा रंग फासलेल्या मुलांचा एक नाच असतो. पॅरिसच्या ऑपेरात त्या नाचाचं अपमानास्पद नाव 2015 साली बदललं आणि रंगही पुसला. 2019च्या डिसेंबरात अमेरिकन नर्तकी मिस्टी कोपलँडने मॉस्कोच्या बोल्शोय नाट्यगृहातल्या तशाच रंगवलेल्या मुलींचा फोटो जाहीरपणे टाकला, तेव्हा मोठा गदारोळ झाला आणि बोल्शोयने ‘ही आमची परंपरा’ म्हणत माघार घ्यायला नकार दिला. आणि तो सोनेरी देव? तो पेतिपांच्या स्वप्नातही नव्हता. 1948 मध्ये लेनिनग्राडच्या (म्हणजे त्याच सेंट पीटर्सबर्गच्या) निकोलाय झुबकोव्स्की या नर्तकाने तो तुकडा रचला आणि स्वतःच नाचला. उड्या जबरदस्त आहेत त्यात, बोटांची मुद्रा मात्र कोणत्या देवाची ते देवच जाणे.

तर ताई, पहिल्या दोन अंकांत तुम्हाला जे डाचलं ते अगदी बरोबर होतं. फक्त ते तुम्ही बोललाच नाहीत. तुम्हाला अपमान वाटला होता आणि तोंडातून निघाली गॅदरिंगची कोटी. ‘ते काळे फासलेले साधू पाहून मला वाईट वाटलं’ असं मुलाने जर्मनमध्ये नेऊन सांगितलं असतं, तर सून गप्प झाली नसती. कदाचित म्हणाली असती, मलाही ते आवडत नाही, पण शेवटचा अंक येऊ दे.

आता त्या शेवटच्या अंकाकडे येते. इथे मात्र मी तुमच्या बाजूने नाही.

तुम्ही झोपलात कुठे, तर ज्या प्रसंगासाठी हा बॅले आजवर जिवंत आहे तिथे. नायिका निकियाला फुलांच्या टोपलीतला साप चावतो. ब्राह्मण उतारा पुढे करतो, पण आपला प्रियकर सोलोर राजकन्या गमझत्तीबरोबर आहे हे दिसताच ती तो नाकारून मरते. हे तुम्ही पाहिलं असेल. मग सोलोर अफू ओढतो आणि त्याला स्वप्न पडतं. अंधाऱ्या रंगमंचाच्या मागच्या टोकाला एक उतार असतो. त्यावर एक मुलगी येते. पांढरा पोशाख, दंडांना तलम ओढणी. ती एका पायावर येते, दुसरा पाय मागे सरळ ताणते, अंग पुढे झुकवते. मग मागे सरून कमरेतून मागे वाकते, हात डोक्यावर. मग दोन पावलं पुढे, की पुन्हा तोच पाय मागे. तेवढ्यात तिच्या मागे दुसरी आलेली असते, ती हेच करते. मग तिसरी. काही कंपन्यांत 24, मोठ्या ठिकाणी 32. नागमोडी उतरत उतरत सगळ्या खाली येईपर्यंत पहिल्या मुलीने तेच पाऊल तीसेक वेळा टाकलेलं असतं. त्या सगळ्या म्हणजे मेलेल्या निकियाच्याच सावल्या. ज्याने तिला दगा दिला त्याच्या डोळ्यांपुढे ती एकदा येत नाही, बत्तीसदा येते.

तुम्ही मध्यमा पूर्ण केलेल्या बाई आहात, म्हणून सांगते. ते पाऊल उतारावर टाकायचं असतं आणि सगळा भार एका वाकवलेल्या गुडघ्यावर असतो. आपल्याकडे ततकारात, म्हणजे कथकच्या पायांच्या कामात, वजन जमिनीत सोडायचं असतं, जमिनीने उत्तर द्यायला हवं. यांचं सगळं उलटं, वजन आहे हे कुणाला कळूच द्यायचं नाही. शिवाय लपायला जागा नाही. एखादीचा घोटा डगमगला तर वरच्या गॅलरीतल्या शेवटच्या माणसाला दिसतो. एवढं करून सगळ्या खाली आल्या की रांगा करून उभ्या राहतात आणि त्याच दमलेल्या पायांवर, एक पाय हळूहळू बाजूला उचलत, सगळ्या एकदम थांबतात. तोंडी लावायला गोष्ट नाही, अभिनय नाही, विनोद नाही. समेवर एकटीने येणं किती अवघड ते तुम्हाला माहीत आहे. इथे बत्तीसजणी प्रत्येक मात्रेला समेवर येतात.

झोप लागली यात नवल नाही. आपल्या जावयाला किंवा शेजाऱ्याच्या पाहुण्याला पहिल्यांदाच विलंबित एकतालातल्या ख्यालाला नेऊन बसवा. चौथ्या आवर्तनाला त्याची मान कलंडते. ‘तीच ओळ पुन्हा पुन्हा का म्हणताहेत?’ असं घरी येऊन विचारतो, आणि आपण मनात म्हणतो, अरे बाबा, तीच कुठे होती! त्या मुलींचं अगदी तसंच आहे. पहिल्या पाच-सहा जणींपर्यंत कंटाळा येतो. दहाव्या-बाराव्या मुलीच्या आसपास कधीतरी डोळा ‘पुढे काय’ हे विचारायचं सोडून देतो, आणि मग ते दिसायला लागतं. मला हे दुसऱ्या खेपेला दिसलं. पहिल्या खेपेला मीही पर्समधली चॉकलेटं शोधत होते.

आणि हे दिसायचं तर बसायचं कुठे? वर. लंडनला माझी एक मैत्रीण असते, ती नेहमी वरच्या मजल्यावरचं तिकीट काढते. मला वाटायचं काटकसर. एकदा तिने दोघींची काढली तेव्हा मनातल्या मनात मीही नाक मुरडलं होतं. नंतर कळलं. खालून पाहिलं तर पुढची रांग मागच्या रांगेला झाकते, नागमोड दिसतच नाही. वरून पाहिलं की अख्खी रांगोळी दिसते. नायिकेचा चेहरा बघायचा तर खाली बसावं, या सावल्या बघायच्या तर वर. तुमची सून दहा वर्षं बॅले शिकलेली. तिला हे माहीत नसेल? मी तिला ओळखत नाही, कदाचित खालची तिकिटं संपलीही असतील. पण तुमच्या पत्रात त्या गॅलरीचा राग दिसतो, म्हणून म्हणते, एकदा तिला विचारून पाहा. चेहरे दिसत नव्हते म्हणून नव्हे, ती जागा का निवडली म्हणून विचारा.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत आवडलेली ओळ कुठली सांगू? अंधारात सुनेचे पाय हलत होते ती. रंगमंचाकडे तुमचं लक्ष नव्हतं, पण ते पाय तुम्ही पाहिलेत. कुणाच्या लक्षात येतात हो असे पाय? ज्याचे स्वतःचे हलतात त्याच्याच. तबला लागला की आजही तुमचा उजवा अंगठा चपलेत ठेका धरत असेल, आणि तो बघून तुमच्या यजमानांना काही कळत नसेल. तुमचं लग्नामुळे सुटलं, तिचं गुडघ्यामुळे. उतारावरून गुडघा वाकवत उतरणाऱ्या त्या मुली ती बघत होती आणि टाळ्यांच्या वेळी डोळे पुसत होती. आणि वाढदिवसाच्या निमित्ताने तिने सासूला जे दाखवायला आणलं होतं, त्यातले साधू आणि ब्राह्मण हे फक्त वाटेत लागलेले टोलनाके होते. तिचं गाव शेवटच्या अंकात होतं.

म्हणून मुलाचा सल्ला मला पटत नाही. गॅदरिंगचा टोमणा ती एव्हाना विसरलीही असती, सासवा बोलतातच असं काहीबाही. पण दुसऱ्या दिवशीचं ते ‘सुंदर होतं हो’! ताई, तिने तुम्हाला झोपलेलं पाहिलं होतं. शेजारच्या खुर्चीवर होती ती. दोन शब्दांचे मेसेज त्या टोमण्याचे नाहीत, त्या ‘सुंदर’चे आहेत. तुम्ही तोंडदेखलं दोन शब्द बोललात, तिनेही तेच सुरू केलं.

आता करायचं काय? लांबलचक माफीनामा लिहू नका, आणि मुलाला मधे घेऊ नका. त्याची दुभाषेगिरी पाहिली आपण. फोनवरच्या भाषांतराच्या सोयीने का होईना, तुम्ही स्वतः लिहा. साधंसं. ‘त्या दिवशी शेवटच्या अंकात मला झोप लागली होती आणि मी सुंदर म्हणून मोकळी झाले. तुझे पाय हलताना मात्र मी पाहिले. त्या पांढऱ्या मुलींमध्ये तू कधी नाचली होतीस का?’ बस, एवढंच. साधूंचं आजच काढू नका, ते समोरासमोर बोलायचं आहे, आणि तेही दडपून ठेवायचं नाही. तिला कळू द्या की तिथे तुम्हाला काय लागलं. परकी असती तर नसतं सांगितलं. ती तुम्हाला आई म्हणते, मग तिला सांगायला हवं.

तिचं उत्तर काय येईल ते मी सांगू शकत नाही. नुसता एक हसरा चेहराही येईल. येऊ द्या. डिसेंबरात आली की एखाद्या दुपारी जेवणं उरकल्यावर तिला म्हणा, तो अंक लाव बघू, मला परत बघायचाय. त्याची चित्रफीत सहज मिळते. या खेपेला मुली मोजा, तिला मधे थांबवून विचारा, हा पाय असा का, तो गुडघा तसा का. तिच्या गुडघ्याचीही चौकशी करा, ती करायची राहिलीच आहे असं तुमच्या पत्रावरून वाटलं. अजूनही झोप आली तर सरळ सांगा की आली. खरं सांगायचं तर तुम्ही पाहिलेला प्रयोग 1941च्या लेनिनग्राडच्या वळणाचा असावा, तो त्या सावल्यांवरच संपतो. पेतिपांच्या मूळ खेळात पुढे आणखी एक अंक होता, त्यात सोलोरच्या लग्नात देव कोपतात आणि अख्खं देऊळ कोसळतं. नतालिया माकारोवा या नर्तकीने 1980 मध्ये न्यूयॉर्कला तो परत आणला. तो पाहिला असतात तर देऊळ पडताना तरी नक्की जाग आली असती.

राहिला तुमचा कथकचा बेत. न्याच तिला. उट्टं वगैरे काही काढणार नाही ती. पण तुम्ही तिला न्याल तेव्हा जे तिच्या बाबतीत घडलं ते तुमच्या बाबतीतही घडू शकतं, हे गृहीत धरा. तीनतालाचा लेहरा, म्हणजे तालाबरोबर फिरणारी धून, तासभर तोच तो वाजतोय असं तिला वाटेल. आमद, तुकडे, परण, सगळं एकच वाटेल. निघण्याआधी घरी बसून सोळा मात्रा हातावर मोजायला शिकवा आणि सम कुठे ते दाखवा, बाकी काही नको. कार्यक्रम चालू असताना कानात पुटपुटून समजावत बसू नका. पढंत, म्हणजे तोंडाने बोल म्हणणं, सुरू झाली की ती आपसूक ताठ बसेल, नाचलेल्या माणसाला बोल कळतात. गतभावातली, म्हणजे अभिनयाने सांगितलेली, माखनचोरी समजली नाही तर नाही समजली. आणि यात कुठे तिला हसू आलं, तर ‘तुमच्याकडच्या साधूंपेक्षा बरं’ हे वाक्य तोंडात आलं तरी गिळा.

तिकिटं मात्र गॅलरीतली काढू नका. आपलं सगळं पायांत आणि डोळ्यांत असतं, त्याला पुढची रांग हवी, डावीकडे, तबलजीचे हात दिसतील अशी. आणि तिला झोप लागली तर उठवू नका.